हिवाळा सोसलेली राणी : विया आर्तमाने

चाळिशी उलटली की बाईच्या वाट्याच्या भूमिका जणू ठरूनच जातात. मुलांची शिक्षणं, मुलींची लग्नं, सासूपणाची तयारी, आणि फार तर दुपारचं भजनी मंडळ. आरशात डोकावणारा पहिला पांढरा केस दिसला की आपणच आपल्याला बजावतो, ‘पुरे आता! आपले नटण्यामुरडण्याचे दिवस गेले.’ सामान्य बाईची ही गत, तर रूपावर आणि तारुण्यावर जिचं पोट चालतं त्या नटीचं काय होत असेल? काल नायिका म्हणून मिरवणारी आज नायकाची आई होते, आणि परवा तिचं नावही कुणाला आठवत नाही.

पण अठ्ठेचाळीस-एकोणपन्नासाव्या वर्षी जिला आयुष्यातली सर्वात मोठी भूमिका मिळाली आणि जिनं तिचं सोनं केलं, अशी एक अभिनेत्री होऊन गेली. तिचं नाव विया आर्तमाने. देश लाटव्हिया. एके काळी सोव्हिएत संघराज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिची छायाचित्रं घरोघरी असत. पडद्यावर ती सम्राज्ञी झाली, रंगमंचावर ज्युलिएट झाली. आणि म्हातारपणी राहत्या घरातून तिला सामान बांधून निघावं लागलं. तिची ही कहाणी ऐकण्यासारखी आहे.

लाटव्हिया हा बाल्टिक समुद्राच्या काठचा चिमुकला देश. सगळ्या देशाची लोकसंख्या आज वीस लाखांनाही भरत नाही. राजधानी रीगा. हिवाळा लांब, बर्फाचा आणि अंधाराचा. या देशानं एका आयुष्याच्या मुदतीत काय काय पाहिलं! १९१८ साली तो स्वतंत्र झाला, १९४० साली सोव्हिएत संघानं त्याला गिळलं, १९४१ साली जर्मन सैन्य आलं, युद्धाच्या अखेरीस पुन्हा सोव्हिएत अंमल बसला आणि १९९१ साली पुन्हा स्वातंत्र्य मिळालं. वियाचं आयुष्य या सगळ्या उलथापालथीतून गेलं.

गाई राखणारी पोर

२१ ऑगस्ट १९२९ रोजी तुकुम्स गावाजवळच्या एका खेड्यात तिचा जन्म झाला. पाळण्यातलं नाव अलीदा. वडील फ्रान्सिस आर्तमानिस हे जर्मन वंशाचे. मुलीचं तोंड पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं. तिच्या जन्माआधी काही महिने ते अपघातात गेले. तेव्हा त्यांचं वय अवघं एकोणीस! आई आन्ना पोलिश वंशाची. तरुण वय, पोटात मूल आणि डोक्यावर छप्पर दुसऱ्याचं. ती बाई दुसऱ्यांच्या शेतावर राबून दिवस काढू लागली.

इथे नावाची एक गंमत सांगायला हवी. लाटव्हियन भाषेत आडनावालाही लिंग असतं. बापाचं आडनाव आर्तमानिस, म्हणून मुलीचं आर्तमाने. पुढे लग्न झाल्यावरही हे माहेरचं नाव तिनं शेवटपर्यंत ठेवलं. ज्या बापाला तिनं कधी पाहिलं नाही, त्याचंच नाव तिनं देशोदेशी नेलं.

दहा वर्षांची झाल्यावर अलीदाच्या हातात काठी आली आणि ती मोठ्या शेतकऱ्यांची गुरं राखू लागली. ते महायुद्धाचे दिवस होते. आज एकाचं सैन्य, उद्या दुसऱ्याचं. आईनं दुसरं लग्न केलं होतं, पण नव्या नवऱ्याला दारूचं व्यसन. घरात सुख म्हणून नाही. पहाटेच्या दवात गाईंच्या मागे फिरणारी ही मुलगी पुढे रंगमंचावर राजघराण्यातल्या बायका उभ्या करील, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तिच्या आईनंही त्यावर विश्वास ठेवला नसता.

स्मिल्गिसच्या तालमीत

युद्ध संपलं. १९४६ साली, सतराव्या वर्षी, ती रीगामधल्या दाइलेस नाट्यगृहाच्या अभिनयशाळेत दाखल झाली. ‘दाइलेस’ म्हणजे कलेचं. हे नाट्यगृह १९२० साली एदुआर्द्स स्मिल्गिस या दिग्दर्शकानं उभं केलं होतं. माणूस मोठा करारी, शिस्तीचा. नाटक म्हणजे नुसतं बोलणं नव्हे. हालचाल, लय, संगीत, प्रकाश या सगळ्यांचा त्यात मेळ हवा, हा त्याचा आग्रह. त्याची सहकारी फेलिसिता एर्तनेरे ही नटनट्यांकडून अंगाच्या हालचाली घोटून घ्यायची. चालावं कसं, थांबावं कसं, मान किती वळवावी, या सगळ्याचा अभ्यास.

शेतावरून आलेल्या मुलीला हे सोपं का गेलं असेल? पण गुरु चांगला भेटला आणि तिनं कष्टात कसूर केली नाही. अलीदा हे नाव मागे पडलं आणि विया हे नवं नाव आलं. १९४९ साली शिक्षण पुरं करून ती त्याच नाट्यगृहात नोकरीला लागली. आणि तिथेच राहिली. थोडीथोडकी नव्हे, तब्बल एकोणपन्नास वर्षं!

नोकरी म्हटल्याचं नवल वाटेल. पण तिकडची पद्धत अशी, की नटसंच कायमचा असतो. दरमहा पगार. एकाच वेळी पाच-दहा नाटकं चालू असतात, आज एक, उद्या दुसरं. सकाळी नव्या नाटकाची तालीम, संध्याकाळी जुन्याचा प्रयोग. त्यामुळे एखादी भूमिका वर्षानुवर्षं साथ करते. आणि नटीचं वय वाढलं की ती भूमिका धाकटीच्या हाती जाते. हे सोसायची तयारी प्रत्येकीला ठेवावीच लागते.

१९५३ साली स्मिल्गिसनं शेक्सपिअरचं ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ बसवलं आणि ज्युलिएट म्हणून वियाला उभं केलं. चोविशीच्या उंबरठ्यावरची, सोनेरी केसांची, मोठ्या डोळ्यांची ही ज्युलिएट रीगाच्या रसिकांनी डोक्यावर घेतली. पुढे ‘हॅम्लेट’मधली ऑफेलिया आली, टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’मधली नताशा आली. गाई राखणारी पोर आता रीगाची लाडकी नटी झाली होती.

याच नाट्यगृहातले अभिनेते आर्तुर्स दिमितेर्स यांच्याशी तिनं लग्न केलं. ते तिच्याहून चौदा वर्षांनी मोठे. १९५७ साली मुलगा कास्पार्स झाला. तो पुढे गायक आणि गीतकार म्हणून नावाजला. १९६५ साली मुलगी झाली, ती चित्रकार झाली. नवराबायको एकाच ठिकाणी नोकरीला, दोघांच्याही संध्याकाळी रंगमंचावर जाणाऱ्या. ज्या घरात दोघंही कामाला जातात, त्या घरातली ओढाताण आपल्या वाचकांना वेगळी सांगायला नको.

पडदा मोठा झाला

१९५६ साली ‘वादळानंतर’ या चित्रपटातून विया पडद्यावर आली. पण तिला खरं नाव मिळालं ते १९६३ सालच्या ‘सख्खं रक्त’ या रशियन चित्रपटानं. यात ती झाली सोन्या. नदीवर नावेचं काम करणारी, तीन मुलांची आई. युद्धात घायाळ होऊन सुटीवर आलेला एक सैनिक तिला भेटतो, तिच्यावर जीव लावतो, तिच्या तिन्ही मुलांसकट तिला आपली म्हणतो. ते काम येवगेनी मात्वेयेव या गाजलेल्या नटानं केलं होतं. सोन्या मरते आणि तो सैनिक ती परकी मुलं पोटच्या पोरांसारखी वाढवतो. मग एक दिवस त्यांचा जन्मदाता बाप हक्क सांगत दारात उभा राहतो... सख्खं कोण? जन्म देणारा की वाढवणारा? युद्धानं लाखो घरं मोडलेल्या त्या देशात हा प्रश्न नुसता सिनेमातला नव्हता.

या भूमिकेत वियाला ना भरजरी कपडे, ना रंगरंगोटी. डोक्याला रुमाल आणि अंगावर कष्टाचे कपडे. गावातलं कष्टाचं बाईपण तिनं स्वतः भोगलेलं होतं. ते तिच्या चेहऱ्यावर आपोआप आलं.

त्यानंतर चित्रपट येत राहिले. लिथुआनियात निघालेल्या ‘कुणालाच मरायचं नव्हतं’ या चित्रपटात तिनं दोनातास बानिओनिससारख्या नटाबरोबर काम केलं. युद्धानंतर एकाच गावातली माणसं एकमेकांच्या जिवावर कशी उठतात, याची ती गोष्ट. १९६६ साली आला ‘एद्गार्स आणि क्रिस्तिने’. लाटव्हियाचे थोर लेखक रुदोल्फ्स ब्लाउमानिस यांच्या नाटकावरून तो घेतला होता. तरुण क्रिस्तिनेचा जीव जडलाय एका तापट, दारूच्या नादी लागलेल्या तरुणावर. आणि आईचा हट्ट आहे की हिनं सरळमार्गी, खाऊनपिऊन सुखी माणसाशी लग्न करावं. मन ऐकावं की आईचं? ही कथा बाल्टिकच्या किनाऱ्यावरची खरी, पण कुठल्याही घरच्या माजघरात शोभावी अशीच आहे.

१९६९ साली तिला ‘सोव्हिएत संघाची लोककलावंत’ हा किताब मिळाला. कलावंताला त्या देशात याहून मोठा मान नव्हता. आकाशातल्या ४१३६ क्रमांकाच्या एका लघुग्रहालाही शास्त्रज्ञांनी तिचं नाव दिलं आहे. १९७८ सालच्या ‘येमेल्यान पुगाचोव्ह’ या चित्रपटात ती रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन झाली. समोर बंडखोर पुगाचोव्हच्या भूमिकेत पुन्हा तेच मात्वेयेव. पंधरा वर्षांपूर्वी नावेवर काम करणारी सोन्या आता सिंहासनावर बसली होती.

ज्युलियाचा आरसा

आणि त्याच १९७८ साली ती भूमिका आली, जिच्यामुळे विया आर्तमाने आजही लोकांच्या स्मरणात आहे. इंग्रज लेखक सॉमरसेट मॉम यांची १९३७ सालची ‘थिएटर’ ही कादंबरी. तिच्यावर रीगाच्या चित्रपटगृहनिर्मिती केंद्रात दिग्दर्शक यानिस स्त्रेइच्स यांनी दोन भागांचा चित्रपट काढला. संगीत राइमोन्द्स पाउल्स यांचं.

गोष्ट अशी. ज्युलिया लँबर्ट ही लंडनची नामांकित नटी. वय सेहेचाळीस. नवरा मायकेल नाट्यगृहाचा कारभार बघतो. संसार व्यवस्थित, मुलगा मोठा झालेला. अशात टॉम नावाचा एक तरुण हिशेबनीस घरी येतो आणि ही शहाणीसुरती बाई त्याच्या प्रेमात पार वाहून जाते. त्याला भेटी देते, त्याच्यासाठी रडते. टॉमला मात्र तिच्या मोठेपणाचा उपयोग हवा असतो. थोड्याच दिवसांत तो एका कोवळ्या नटीच्या नादी लागतो आणि तिला नव्या नाटकात काम दे म्हणून ज्युलियाकडेच शब्द टाकतो!

ज्युलिया काय करते? आकांडतांडव नाही, शिव्याशाप नाहीत. ती हसून हो म्हणते. त्या पोरीला काम मिळतं. आणि पहिल्या प्रयोगाच्या रात्री रंगमंचावर ज्युलिया आपल्या सगळ्या अनुभवानिशी अशी काही उभी राहते, की प्रेक्षकांना त्या दुसऱ्या पोरीकडे बघायचं भानच राहत नाही. टाळ्यांचा कडकडाट होतो. त्या रात्री मेजवान्यांची आमंत्रणं सोडून ती एकटीच खाणावळीत जाते आणि बांधा सांभाळण्यासाठी वर्षानुवर्षं टाळलेलं जेवण मनसोक्त जेवते. आता कुणासाठी सडपातळ दिसायचं नाही, कुणासाठी रडायचं नाही.

सूडाची ही गोष्ट चटकदार आहे यात शंका नाही. पण गोष्टीत त्याहून बोचणारी एक जागा आहे. ज्युलियाचा मुलगा तिला म्हणतो, की तू घरातही सतत अभिनयच करत असतेस. तुझं खरं रूप कोणतं, ते मला कधी कळलंच नाही. आईच्या काळजाला घर पाडणारा हा शब्द. घरात बायको, सून, आई, जाऊ अशा नाना भूमिका वठवता वठवता आपलं म्हणून काय उरलं, हा विचार कुठल्या बाईच्या मनात कधी येत नाही?

वियानं ही ज्युलिया अशी रंगवली की ती खोटी वाटते तेव्हाही आपल्याला तिचा राग येत नाही. वाढत्या वयाची भीती, तरुण माणसाच्या एका गोड शब्दावर फुलून जाणं, मग आपल्याच वेडेपणावर हसणं... सगळं तिच्या डोळ्यांत दिसतं. नवऱ्याचं काम गुनार्स त्सिलिन्स्किस यांनी केलं आणि टॉम झाला इवार्स काल्निन्श. हा देखणा नट तर या चित्रपटानं एकदम प्रकाशात आला. पण चित्रपट आहे तो वियाचाच. नटीनं नटीचं काम करायचं, तेही स्वतःच्याच वयाच्या नटीचं, हे वाटतं तितकं सोपं नाही. आपल्या सुरकुत्या झाकायच्या सोडून त्याच लोकांपुढे मांडायच्या असतात!

घराचा उंबरठा सुटला

चित्रपटातल्या ज्युलियाला विजय मिळाला, पण वियाच्या पुढच्या दिवसांत काही वेगळंच वाढून ठेवलेलं होतं. १९८६ साली नवरा गेला. १९९१ साली लाटव्हिया स्वतंत्र झाला. देशाला आनंद झाला, पण आता हिशेब मांडले जाऊ लागले. सोव्हिएत राजवटीत मानसन्मान घेणाऱ्यांकडे लोक वाकड्या नजरेनं बघू लागले. काल जे किताब अभिमानाचे होते, ते आज टोचून बोलायचं निमित्त झाले. वियालाही ते ऐकावं लागलं.

त्यात घराचं संकट आलं. १९४० नंतर सोव्हिएत सरकारनं शहरातल्या इमारती मूळ मालकांकडून काढून घेतल्या होत्या. स्वतंत्र देशानं त्या मालकांना किंवा त्यांच्या वारसांना परत करायचं ठरवलं. न्याय म्हणावा तर तोही न्यायच, कारण ज्यांची घरं गेली त्यांच्यावरही अन्याय झालेलाच होता. पण मधल्या पन्नास वर्षांत त्या घरांत दुसरे संसार थाटले गेले होते, त्यांचं काय? भाडी वाढली, कित्येकांना घरं सोडावी लागली. रीगाच्या मध्यवस्तीतली वियाची जागाही अशीच गेली. लोककलावंत विया आर्तमाने शहर सोडून मुर्यानी या खेड्यातल्या आपल्या उन्हाळी घरात राहायला गेली.

उन्हाळी घर म्हणजे सुटीपुरतं बांधलेलं. तिकडच्या कडाक्याच्या हिवाळ्यात तिथे बारा महिने राहायचं म्हणजे गंमत नव्हे. बाईनं एक एक भांडं जमवून मांडलेलं घर सोडताना काय होतं, ते बदलीच्या गावी जाताना शेवटचं कुलूप लावणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. इथे तर परत यायची आशाही नव्हती.

१९९८ साली दाइलेस नाट्यगृहाशी असलेलं नातंही संपलं. एकोणसत्तरीची नटी, घर गेलेलं, रंगमंच गेलेला, तब्येत साथ देईना. इथे कहाणी संपली असती तर आपण एक सुस्कारा टाकून पान उलटलं असतं.

शेवटची भूमिका

पण विया थांबली नाही. रीगाच्या ‘नव्या नाट्यगृहा’त तरुण मंडळी काम करत होती. तिथे पुश्किनच्या ‘हुकमाची राणी’ या कथेवरच्या नाटकात ती उभी राहिली. भूमिका होती म्हाताऱ्या सरदारणीची. पत्त्यांच्या तीन पानांचं गुपित उराशी बाळगून बसलेल्या, एके काळच्या रूपवतीची. ज्या बाईनं तारुण्यात ज्युलिएट केली होती, तिनं सत्तरीच्या घरात ही जख्खड सरदारणी तितक्याच तोऱ्यात केली. प्रत्येक वयाला त्या वयाची भूमिका असते. ती नाकारली तर हसं होतं आणि मानानं घेतली तर त्यातही राजेपण असतं.

या उतारवयात तिनं ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाची दीक्षा घेतली. आणि २००४ साली आपल्या आठवणींचं पुस्तक प्रसिद्ध केलं. आपल्या संसारातली सुखदुःखं तिनं त्यात लपवून ठेवली नाहीत. त्या पुस्तकाचं नाव मोठं बोलकं आहे. लाटव्हियन भाषेत ते आहे ‘झिएम्त्सिएशी’. म्हणजे हिवाळा सोसून टिकणारी झाडं. बर्फाखाली महिनोन्‌महिने दबून राहतात, मेली असं वाटतं, आणि वसंत आला की पुन्हा हिरवी होतात. शेतावर वाढलेल्या बाईलाच असं नाव सुचावं.

आजारानं तिला पुरतं गाठलं आणि ११ ऑक्टोबर २००८ रोजी स्ट्रेंची गावच्या रुग्णालयात तिनं डोळे मिटले. वय एकोणऐंशी. रीगातल्या पोक्रोव्ह दफनभूमीत तिला विसावा मिळाला.

जन्माआधी बाप गेला, लहानपणी गुरं राखली, म्हातारपणी घर गेलं. मधल्या काळात ती सम्राज्ञीही झाली. यातलं काय तिच्या हातचं होतं? राजवटी तिनं आणल्या नाहीत आणि घालवल्याही नाहीत. किताब आले तसे फिके पडले. घर मिळालं तसं गेलं. पण हातात आलेलं काम जीव ओतून करणं आणि वाढत्या वयाशी भांडण न काढता त्याला आपल्या कामाला लावणं, एवढं मात्र तिच्या हातात होतं आणि ते तिनं कुणाला हिरावू दिलं नाही.

म्हणून मैत्रिणींनो, आरशात पांढरा केस दिसला तर खुशाल दिसू दे. ‘आता आपलं काय उरलंय’ असं म्हणण्याआधी एवढं लक्षात ठेवावं, की वियाला ज्युलिया भेटली तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती.